मैनाच्या लग्नाची साखर

रेघ पट्टीनं मारलेली होती. लाल शाईची, बारीक, मैनाच्या नावाच्या थोडी अलीकडे सुरू होऊन वयाच्या रकान्यात थांबलेली. मधे कुठे हात हलला नव्हता. फक्त शेवटी पट्टी उचलताना शाई जराशी पसरली होती आणि तो ठिपका मैनाच्या वयावर बसून वाळला होता. धर्माजीनं रेशनकार्ड डोळ्यांसमोर आडवं धरलं, एक डोळा मिटला आणि रेघेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तो रेल्वेत गँगमन होता. रूळ वाकला आहे का ते असंच बघायचं असतं. रेघ सरळ होती. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

"शेठ," तो म्हणाला, "ह्ये काय हाय?"

मालोजीशेठनी तराजूच्या मागून मान लांब करून कार्डाकडे पाहिलं.

"रेघ दिसतीय," ते म्हणाले.

"मैनाच्या नावावर हाय."

"हां. नावावर हाय खरी."

पळसवाडीत रेशनची कार्डं लोकांच्या घरात नसत, मालोजीशेठच्या दुकानात असत. हे कोणी ठरवलं होतं असं नाही. घरं पावसात गळायची, कार्डं भिजायची, उंदीर कुरतडायचे. आणि माल कधी येईल ते दुकानदारालाही ठाऊक नसायचं. तेव्हा कार्डं त्याच्याकडेच असलेली बरी, असं सगळ्यांना वाटलं, आणि त्यालाही वाटलं. पोती शिवायच्या दाभणानं प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्याला भोक पाडून ती सुतळीत ओवलेली असत. सुतळ्या तीन होत्या: एक गावाची, एक बुद्धवाडीची आणि एक डोंगरावरच्या ठाकरांची. तिन्ही वेगवेगळ्या खिळ्यांना. माल आला की तोलणारा नागू ओटीवर येऊन हाका मारी. जे येत त्यांना मिळे. जे येत नसत त्यांच्या वाटणीचं काय होतं, हा प्रश्न पळसवाडीत कोणी विचारला नव्हता. "साखर संपली" हे वाक्य तिथं पूर्ण मानलं जाई.

धर्माजीला कार्ड लागलं ते मैनाच्या लग्नासाठी. साल चौऱ्याहत्तर होतं, साखर मोजून मिळत होती, पण घरात लग्न असलं तर तहसील कचेरीतून जादा साखरेचा परवाना निघे. त्याला कार्ड दाखवावं लागे. मैनाचं कुंभिवलीला जमलं होतं, श्रीपतच्या सखारामशी. धर्माजीनं कार्ड मागितलं तेव्हा शेठ आधी म्हणाले, सुतळीची गाठ बसलीय. मग म्हणाले, नागू नाहीय, गाठ तोच सोडतो. आज नागू होता आणि गाठ नव्हती, त्यामुळे कार्ड द्यावं लागलं.

"असं बघ धर्मा," शेठ आता समजुतीच्या सुरात म्हणाले. "गेल्या वैशाखात माझ्या भाचीचं लगीन झालं. तू जेवायला होतास."

"होतो."

"बुंदी कशी होती?"

"चांगली होती."

"साखरंबिगर होती का ती? भाचीचं कार्ड तिच्या बापाकडं, पेणला. तिकडची साखर पुरंना. माझ्या कार्डावर लग्नाची पोरगी नाय. तुझ्या कार्डावर होती. तुझी पोरगी आज ना उद्या उजवायचीच होती ना? मग परवाना तुझ्या कार्डावर काढला."

"मला इचारलं नाय."

"तू तिकडं ठाकूरवाडीला डूटीवर. तुला घाटात कुठं हुडकू?"

"घरी चंद्रभागा होती."

"बायामाणसाला असल्यात काय इचारायचं!"

धर्माजीनं यावर विचार केला. मग म्हणाला, "अर्जाला सही लागती."

"लागती की."

"कुणाची केली?"

"तुझीच."

"मी केली?"

"तुझ्यासारखी केली," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज थोडा दुखावलेला होता, कारण त्या सहीवर त्यांनी मेहनत घेतली होती. "ते सगळं मिटलंच असतं रं. पर कचेरीत नवा कारकून आला. लई कामसू. लगीन झालं म्हणजे पोरगी सासरी गेली, म्हणून त्यानं बसल्या बसल्या नाव उडवलं. त्याला कुणी सांगितलं होतं?"

धर्माजीला त्या पंगतीची आठवण झाली. बुद्धवाडीची पंगत शेवटी बसली होती, अंधार पडायच्या बेतात. बुंदी संपत आली होती. वाढपी बुंदी पानावर टाकताना म्हणाला होता, पुरवून खा. धर्माजीनं पुरवून खाल्ली होती, आणि हात धुताना शेठना सांगितलंही होतं की जेवण झकास झालं.

"बघू," तो म्हणाला आणि कार्ड टोपीत ठेवून निघाला.

'बघू' हा धर्माजीचा शब्द होता. गँगमध्ये त्याला याच शब्दानं ओळखत. त्याचा अर्थ नाही असा नव्हता आणि हो असाही नव्हता. रुळावर त्याचं काम बिनचूक होतं, कारण तिथं काय केव्हा करायचं ते ठरलेलं असे: लाल झेंडी म्हणजे लाल झेंडी. घरी कोणी झेंडी दाखवत नसे. छपराची कौलं बदलायची की नाही, हे त्यानं इतकी वर्षं बघितलं होतं की शेवटी कौलांनीच काय ते ठरवलं.

चंद्रभागेनं कार्ड पाहिलं आणि भाकरी तव्यावर तशीच राहू दिली. असं ती सहसा करत नसे.

"म्हंजे आपल्या साखरंची बुंदी, अन् आपल्यालाच शेवटच्या पंगतीला वाढली?"

"असं दिसतंय."

"अन् तुमी काय म्हनलात?"

"बघू म्हनलो."

"अवं, काय बघायचं राहिलंय आता? पोरीचं लगीन झालंय कागदावर!"

मैना दाराशी तांदूळ निवडत होती. ती सातवीपर्यंत शिकली होती आणि घरात लिहिलेलं सगळं तीच वाचे. तिनं कार्ड घेऊन उलटं केलं. मागं बारीक अक्षरांत नियम छापले होते. तिनं ते सावकाश वाचले आणि एके ठिकाणी थांबली.

"बा, हितं लिवलंय, कार्ड कार्डधारकानं सोताजवळ ठेवावं, दुकानदाराकडं ठेवू नये."

"कुठं?"

"ह्ये बगा. भोक पाडलंय तितंच."

दाभण खरोखरच त्या नियमातून गेलं होतं. 'दुकानदाराकडे' या शब्दाचं पुढचं अर्धं तेवढं शिल्लक होतं.

"बा," मैना थोड्या वेळानं म्हणाली, "माझं लगीन कुणाशी झालंय त्ये कळलं का?"

ते कळलं दुसऱ्या दिवशी, कर्जतच्या तहसील कचेरीत. नवा कारकून खरोखर कामसू होता. त्यानं अर्ज लगेच शोधून काढला, धूळ झटकली आणि वाचलं: वधू, मैना धर्माजी. वर, नागू. पुढं वय आणि मुक्काम.

"कोण नागू?" धर्माजीनं विचारलं.

"मुक्काम पळसवाडी," कारकून म्हणाला. "तुमच्याच गावचे. ओळखत असाल."

धर्माजी ओळखत होता. अर्ज भरताना वराचं नाव विचारल्यावर शेठना ऐन वेळी काही सुचलं नसणार, आणि समोर पोतं उचलत असलेला माणूस दिसला असणार. नागू साठीच्या पुढचा होता, त्याला नातवंडं होती, आणि त्याच्या पाठीला कायमचा बाक आलेला होता. त्याला हे कळलं तेव्हा तो इतका वरमला की बुद्धवाडीच्या वाटेनं जायचंच त्यानं सोडलं. शेताच्या बांधावरून वळसा घालून दुकानात जाऊ लागला. नागूच्या बायकोनं मात्र चंद्रभागेला निरोप धाडला की पोरगी पाठवून द्या, मला घरकामाला माणूस हवंच आहे.

कारकुनानं नाव परत घालायचे दोन मार्ग सांगितले. लग्न ठरलं होतं पण मोडलं, असं लिहून द्यायचं. मग साखर तुमच्याच परवानगीनं उचलली असं धरून काम इथल्या इथं मिटेल. किंवा लग्न ठरलंच नव्हतं, दुकानदारानं न विचारता कार्ड वापरलं, असं सांगायचं. मग पुरवठा निरीक्षक चौकशी लावतील, तुमचा जबाब होईल, दुकानाचा परवाना तपासला जाईल.

"यातलं बरं कुठलं?" धर्माजीनं विचारलं.

"मी खरं काय ते विचारतोय," कारकून म्हणाला. त्याची नोकरी नवी होती.

"बघू," धर्माजी म्हणाला. तरी चौकशीचा कागद कारकुनानं भरलाच, कारण त्याच्या मते इतकं ऐकल्यावर तो न भरणं बेकायदेशीर होतं.

बातमी कुंभिवलीला पोचायला वेळ लागला नाही. श्रीपत रविवारी आला. तो हायवेवरच्या कारखान्यात गेटवर वॉचमन होता, आणि सुट्टीच्या दिवशीही गेटवर उभं राहिल्यासारखाच बसे. चंद्रभागेनं गुळाचा चहा दिला. त्यानं तो बाजूला ठेवला.

"पावनं, मी माणसावर इस्वास ठेवतो," तो म्हणाला. "पर गेटवर कागदाबिगर मी मालकाच्या मेव्हण्याला बी सोडत न्हाय."

"सोडू बी नये," धर्माजी म्हणाला.

"आता सूनबाईचं नाव आमच्या कार्डावर चढवायचं, तर तुमच्याकडून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. त्या दाखल्यावर काय आसंल? लगीन गेल्या वैशाखात, नागूसंगं. खालापूरच्या कचेरीत त्यो दाखला मी कुठल्या तोंडानं दाखवू?"

"त्ये म्हातारं हाय वो," चंद्रभागा म्हणाली.

"कागदावर वय बी लिवलंय, कचेरीत जाऊन मी वाचलं. म्हणून तर लोक जास्त हसत्यात." श्रीपतनं चहाकडे पाहिलं पण उचलला नाही. "सखा म्हनतो, मला कागदाचं काय बी नाय. पर त्याच्या आईला हाय. मोडलेलं लगीन नको अन् झालेलं बी नको. पोरीचं नाव जसं होतं तसं कार्डावर येऊ द्या. मग तारीख धरू. न्हाय तर मग आमाला दुसरीकडं बघावं लागंल."

तो गेल्यावर मैना तांब्या उचलून पाण्याला गेली आणि बराच वेळ आली नाही. विहीर घरासमोरच होती.

त्या आठवड्यात बुद्धवाडीतल्या बऱ्याच जणांनी आपापली कार्डं बघायला मागितली. शेठनी एकाचं द्यायचं नाकारलं तर सगळ्यांचं नाकारावं लागेल म्हणून सगळ्यांचीच दिली. शेजारच्या काळूरामला कळलं की त्याची आई, जी वारून सहा वर्षं झाली होती, दर पंधरवड्याला साखर नेत होती आणि रॉकेलही.

"आईला साखर लई आवडायची," काळूराम म्हणाला. "पर जिती होती तवा मिळाली न्हाय."

असं असूनही संध्याकाळी समाजमंदिरासमोर सगळे बसले तेव्हा काळूरामच म्हणाला, "धर्मा, तू शेठच्या इरोधात बोलू नको."

"का रं? तुझी आई..."

"आई गेली. मी हाय. दुकानाला टाळं लागलं तर रेशन आणायला कर्जतला जायाचं, रोज बुडवून. अन् पावसाळ्यात उधार कोण देतो? कर्जतवाला देनार हाय?"

वाडीतली पारूबाई म्हणाली, "एक वाक्य तर बोलायचंय. आमीच सांगितलं होतं म्हनून. जिभंला काय हाड हाय का?"

"अन् मैनाचं?" धर्माजीनं विचारलं.

"तिचं मोडलं म्हनायचं. मोडत्यात की लगनं. दुसरीकडं जमंल."

काळूराम वाईट माणूस नव्हता आणि पारूबाईही नव्हती. धर्माजीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. प्रत्येकाचं बरोबर होतं, ही त्याची अडचण होती. "बघू," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हा शब्द त्याच्या स्वतःच्या कानांना खटकला.

मालोजीशेठ त्याला भेटायला ठाकूरवाडीला आले. ज्या माणसाला गेल्या वैशाखात घाटात धर्माजी सापडत नव्हता, त्याला आता तो लगेच सापडला. गाडीतून उतरून खडीवरून चालत, धोतराचा सोगा हातात धरून ते गँगच्या टपरीपाशी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. धर्माजीनं त्यांना सावलीत बसवलं, मडक्यातलं पाणी दिलं. शेठनी भांडं हातात घेतलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पाणी वरून प्यायले.

"धर्मा, आपण एकाच शाळंत होतो."

"तुमी आत होता. मी व्हरांड्यात."

"त्ये जुनं झालं रं. आता तसं काय ऱ्हायलंय?" शेठनी भांडं खाली ठेवलं. "हे बघ, मैनाच्या लग्नात साखरंची काळजी करू नको. माझ्याकडून. बुंदीचा आचारी बी माझ्याकडून. फकस्त निरीक्षकाला सांग, मीच सांगितलं होतं म्हणून शेठनी केलं. पयलं ठरलेलं मोडलं, साखर वाया जाईल म्हणून मीच शेठना दिली. कागद मी लिवून आणलाय. तू सही कर."

"माझी सही तुमाला येती की," धर्माजी म्हणाला.

तो हे चेष्टेनं बोलला नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं. शेठ म्हणाले, "तिथं समोर करावी लागती."

वरून मालगाडी उतरत होती. धर्माजीला उठून बाजूला झेंडी घेऊन उभं राहावं लागलं. गाडी जाईपर्यंत शेठनी कागद हातात धरून ठेवला. गाडी गेल्यावर धर्माजी परत आला, कागद घेतला, घडी करून खिशात घातला. सही केली नाही. नाहीही म्हणाला नाही.

चौकशीच्या दिवशी सकाळी चंद्रभागेनं त्याचा पांढरा सदरा काढून ठेवला.

"काय सांगनार?" तिनं विचारलं.

धर्माजी गुंड्या लावत राहिला.

"अवं, मी भिंतीशी न्हाय बोलत."

"मी येते संगती," मैना म्हणाली. ती आधीच तयार होऊन बसली होती. "बा, तुमाला काय सांगायचं त्ये सांगा. मी काय बोलनार न्हाय. पर माझ्यासमोर सांगा."

कचेरीत पुरवठा निरीक्षकांच्या टेबलापुढे दोन खुर्च्या होत्या. एकीवर मालोजीशेठ बसले. दुसरी रिकामी होती, पण धर्माजी उभाच राहिला. बस म्हणून कोणी म्हटलं नव्हतं. भिंतीशी काळूराम आणि वाडीतली आणखी चार माणसं. त्यांच्यामागं नागू, शक्य तितका दाराच्या बाहेर. मैना खिडकीपाशी. निरीक्षक थकलेला माणूस होता. त्याच्या तालुक्यात अशी दुकानं पुष्कळ होती आणि त्याला निवृत्तीला दोन वर्षं होती.

"मिटवलंय म्हणता तुम्ही," तो शेठना म्हणाला.

"मिटलंय साहेब. घरचंच हाय. धर्माजवळ कागद हाय."

धर्माजीनं खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. निरीक्षकानं सही शोधली. "यावर सही नाही."

"करतो की तो," शेठ म्हणाले. "तुमच्यासमोर करायची म्हणून ठेवलीय."

निरीक्षकानं चष्मा लावला आणि नियमाप्रमाणे कागद मोठ्यानं वाचला. त्याचा आवाज सपाट होता, रोज असं वाचणाऱ्या माणसाचा. "...माझी मुलगी मैना हिचा विवाह गेल्या वैशाखात नागू मुक्काम पळसवाडी यांच्याशी ठरला होता. काही कारणाने तो मोडला. सबब परवान्यावर मिळालेली साखर मी राजीखुशीने दुकानदारास दिली..."

नागूनं मान खाली घातली. मागं कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. मैनानं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला घेतलं आणि ती वडिलांकडे बघत राहिली. तिनं डोळे खाली केले नाहीत.

"हे बरोबर आहे का?" निरीक्षकानं विचारलं.

काळूराम भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघू लागला.

"धर्माजी, तुमच्या कार्डावर साखर उचलली, ती तुमच्या परवानगीनं का?"

"धर्मा, बोल रं," शेठ हळूच म्हणाले. "एक वाक्य."

'राजीखुशीने' हा शब्द धर्माजीच्या डोक्यात अडकून राहिला होता. तो त्यानं कधी वापरला नव्हता. पंगतीत शेवटी बसला होता तेव्हा त्याला कोणी राजी आहेस का म्हणून विचारलं नव्हतं. कार्डाला भोक पाडताना नाही, सही करताना नाही. आणि आता एवढी माणसं त्याच्या राजीखुशीसाठी वाट बघत होती. त्याला वाटलं की आपण अजून थोडं थांबलो तर कोणीतरी आपल्या वतीनं हेही लिहून टाकेल, आणि सही आपल्यासारखी करील.

निरीक्षकानं पेन उघडलं. "हो लिहू?"

"नगा लिवू," धर्माजी म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि दाराबाहेरच्या शिपायानंही आत डोकावलं. "मला कुणी इचारलं न्हवतं साहेब. इचारलं असतं तर मी न्हाय म्हनलो असतो. माझ्या पोरीचं लगीन कुनाशी बी झालेलं न्हाय, मोडलेलं न्हाय. त्ये अजून व्हायचं हाय, अन् तिच्या लग्नाची साखर शेठनी माझ्या परवानगीबिगर उचललेली हाय. ह्येच लिवा."